शाळकरी लेकरांचे दात कसे जपावेत: आधी सहावी दाढ शोधा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर उघडते आणि पहिल्याच आठवड्यात लेकरं टेबलाशी गर्दी करतात. "मॅडम, माहा दात हालून राह्यला!" कुणी पडलेला दात वहीच्या कागदात गुंडाळून आणतं. पुढचे दात सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचं कौतुकही होतं. त्याच वेळी मागे गुपचूप एक नवी दाढ आलेली असते, तिच्याकडे मात्र कुणी पाहत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची ती दाढ दिवाळीपर्यंत काळी पडली. तिची आई म्हणाली, "दुधाची आहे मॅडम, पडून जाईन." ती दुधाची नव्हती, कायमची होती. म्हणून मी पालकांना सगळ्यात आधी ही दाढ शोधायला लावते.

सहावी दाढ शोधा

रविवारी सकाळी ओसरीवर उजेडात बसा. लेकराचं डोकं मांडीवर घ्या आणि 'आ' करायला सांगा. उजेड कमी पडला तर मोबाइलचा टॉर्च लावा. आता समोरच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा: पुढचे दोन दात, मग सुळा, मग दुधाच्या दोन दाढा. झाले पाच. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजायची, नाहीतर हिशेब चुकतो. पाचाच्या मागे सहावं काही दिसलं, तर ती कायमची दाढ. साधारण सहाव्या वर्षी ती येते. कुणाला थोडी आधी, कुणाला थोडी उशिरा. वर-खाली, डावी-उजवी मिळून अशा चार. ती येताना एकही दात पडत नाही, त्यामुळेच घरच्यांना पत्ता लागत नाही.

ही दाढ पूर्ण वर यायला वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते. ब्रश नेहमीसारखा पुढून मागे फिरवला की तो दुधाच्या दाढांवरूनच सरकतो, हिला लागतच नाही. म्हणून गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घाला आणि नुसत्या या दाढेवर दहा-बारा वेळा हलकेच घासा. हे काम लेकराला जमत नाही, ते तुम्हालाच करायचं आहे. दाढेच्या वरच्या खाचा खोल असतात, भाकरीचा नाहीतर बिस्किटाचा लगदा तिथे रुतून बसतो. स्वच्छ फडक्याने पुसून पाहा. खाचेत तपकिरी-काळी रेघ किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नका. कीड नसेल तेव्हाच दातांचे डॉक्टर या खाचा एका पातळ लेपाने बुजवून देतात. त्याला सुई लागत नाही, दुखतही नाही.

दुधाच्या दाढाही लगेच पडत नाहीत बरं. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. किडून लवकर काढाव्या लागल्या, तर नंतर येणारे कायमचे दात वेडेवाकडे येऊ शकतात.

रात्रीचा ब्रश

सकाळी शाळेच्या घाईत का होईना, दात घासले जातात. रात्री मात्र लेकरू जेवता जेवताच पेंगतं आणि तसंच झोपतं. झोपेत लाळ कमी होते. दिवसा जी लाळ दात धुत असते, ती रात्री तेवढी नसते आणि दातांना चिकटलेल्या अन्नावर जंतू रात्रभर आम्ल करत बसतात. दोन्हीपैकी एकच वेळ जमणार असेल, तर मी रात्रीची धरीन. पेंग येण्याआधी, जेवणाचं ताट उचललं की लगेच ब्रश हातात द्या. त्यानंतर फक्त पाणी.

ब्रश लहान आणि मऊ घ्या. तीन वर्षांखालच्या लेकराला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पुरते. दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, कारण पेस्टमधलं औषध, म्हणजे फ्लोराइड, दातांवर थोडं राहायला हवं. सात-आठ वर्षांपर्यंत लेकराने आधी स्वतः घासावं आणि मग तुम्ही एक हात फिरवावा. तीन महिन्यांनी ब्रश बदला, केस फिसकटले तर त्याआधीच.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी नकोच. ती दात पांढरे करत नाही, वरचं कवच झिजवते. आजोबा कडुनिंबाची काडी चावतात, त्यांना चावू द्या. पण काडी मागच्या दाढेच्या खाचेपर्यंत पोचत नाही, म्हणून लेकराला ब्रशच द्या.

पाण्याची चौकशी

आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, असं पाणी पोटात गेलं तर दातांवर पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. हे डाग ब्रशने निघत नाहीत. त्यासाठी लेकराला घासायला लावू नका, रागावू तर अजिबात नका. प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरी सोयच नसेल, तर जास्तीत जास्त 1.5. ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा अहवाल मागा आणि कमी फ्लोराइड निघालेल्या स्रोताचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरा. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. अशा गावात सहा वर्षांखालच्या लेकरासाठी कोणती पेस्ट घ्यायची, ते दातांच्या डॉक्टरांनाच विचारा.

खाऊ: किती वेळा, ते पाहा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घेऊन फिरलेलं लेकरू बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे) आणि खाऊ घेऊनच घरी येणार. भुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत रोज संध्याकाळी नवा खाऊ ओळखायचा असतो. हे बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. गोड खाल्लं की तोंडात अर्धा तास तरी आम्ल राहतं. एकदाच बसून पाच पेढे खाल्ले, तर दातांना तो मार एकदाच. तीच गोळी खिशात ठेवून दिवसभर चघळली, तर दिवसभर मार. म्हणून गोड जेवणासोबत द्या.

मधल्या सुट्टीच्या दहा रुपयांचे पोंगे आणि चहात बुडवलेली बिस्किटं गोड लागोत न लागोत, दाढेला चिकटतात. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभरा, पेरू द्या. शाळेत खिचडी खाल्ल्यावर मी पूर्ण वर्गाला नळावर नेते आणि दोन चुळा भरायला लावते. घरीही तेवढं जमतं.

खर्रा आणायला लेकराला पाठवू नका

हे मी हात जोडून सांगते. खर्रा म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. "जा रे, ठेल्यावरून एक खर्रा आण." तिसरीतला मुलगा रस्त्याने ती पन्नी घोटत येतो आणि एक दिवस चिमूटभर तोंडात टाकतो. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विकायलाही बंदी आहे. दाढ दुखते म्हणून तिथे तंबाखू किंवा गुडाखू (तंबाखूचीच पेस्ट) दाबून ठेवायला सांगणारेही घरातलेच असतात; सवय तिथूनच लागते. मोठ्या मुलांची एक परीक्षा घ्या: त्याचीच तीन बोटं उभी धरून त्याच्या तोंडात जातात का? जात नसतील किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. सुपारीने तोंड आवळत जातं आणि पुन्हा पहिल्यासारखं उघडत नाही.

तपासणीच्या दिवशी शाळा बुडवू नका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. त्यात दातही पाहतात. पुढे पाठवायची चिठ्ठी मिळाली, तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. कापूस वेचणीच्या दिवसांत असंच होतं, मला माहीत आहे. ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा. काम मोठं असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. बाजारात बसून दाढेतली 'कीड' काढून दाखवणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. दाढेत अळी नसतेच; तो दाखवतो ती त्यानेच आणलेली असते.

खेळताना दात निखळला तर

कबड्डीत तोंडावर पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला, तर तो शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. जमलं तर त्याच जागी बसवून लेकराला फडकं हलकेच चावून धरायला सांगा. नाही जमलं, तर जवळच्या घरून वाटीभर थंड दूध मागा, दात त्यात बुडवा आणि मिळेल त्या गाडीने निघा. अर्ध्या तासात दातांच्या डॉक्टरांकडे पोचलात तर दात टिकायची आशा चांगली असते, तासाभरानंतर ती झपाट्याने कमी होते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. स्वच्छ फडकं रक्त थांबेपर्यंत दाबून धरा आणि दुसऱ्या दिवशी हिरडी दाखवून आणा.