दोनशे मिनिटांचा हिशेब : बास्केटबॉल संघात कोणाला किती वेळ खेळवायचं

गोव्यात खेळ म्हटलं की डोळ्यांसमोर फुटबॉल येतो, आणि फुटबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये तो हव्या तितक्या वेळा येतो. फुटबॉल पाहत वाढलेले प्रशिक्षक नेमकं हेच विसरतात. खेळाडूला बाहेर काढायला ते कचरतात, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे सगळ्यात चांगले पाच जण पाय ओढत धावतात.

फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनी सामना ४० मिनिटांचा, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ४८ मिनिटांमुळे ती २४० होतात, म्हणून तिथले आकडे जसेच्या तसे उचलू नका. यादीत १२ नावं असली तरी २०० मिनिटं बारा जणांत वाटली तर कोणाचीच लय बसत नाही. नऊ जणांची वाटणी अशी करता येईल : ३२, ३०, ३०, २८, २६, मग २०, १६, १२ आणि ६. उरलेल्या तिघांना आदल्या दिवशीच सांगा. सामन्यात बाकावर बसून कळण्यापेक्षा ते बरं.

आता चौकटींचा कागद घ्या. आडव्या ४० चौकटी मिनिटांच्या, उभी नावं. भरायला शेवटापासून सुरुवात करा. शेवटची पाच मिनिटं कोण खेळणार हे आधी ठरवा, मग मागे या. सुरुवातीचे पाच आणि शेवटचे पाच वेगळे असू शकतात. शेवटी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, हमखास टाकणारे आणि दबावात चेंडू न गमावणारे लागतात. प्रत्येक उभ्या रांगेत बरोबर पाच खुणा हव्यात. त्या पाचांत चेंडू पुढे नेणारा एक आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परत उडालेला चेंडू, घेणारा एक असायलाच हवा. गडबड बहुतेक वेळा दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला होते, कारण तिथे पाचही बदली खेळाडू एकदम उतरवले जातात.

हे टाळायला सगळ्यात जास्त गुण मिळवणारे दोघे, म्हणजे दोन मुख्य स्कोअरर, कधीच एकत्र बसवू नका. पहिला पहिल्या क्वार्टरची शेवटची २ आणि दुसऱ्याची पहिली २ मिनिटं बसेल. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या सांध्यावरही तसंच. त्याची ३२ मिनिटं झाली. प्रत्येक वेळी घड्याळावर ४ मिनिटं गेली, तरी क्वार्टरमधल्या २ मिनिटांच्या विश्रांतीमुळे आणि थांबलेल्या घड्याळामुळे त्याला प्रत्यक्षात बराच जास्त दम घ्यायला मिळतो. दुसरा स्कोअरर पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये चौथं मिनिट संपल्यावर बाहेर जाईल आणि आठवं संपल्यावर, म्हणजे पहिला बसतो त्याच क्षणी, परत येईल. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर आणखी २ मिनिटं बसला की त्याची ३० होतात.

कागदावरचं मिनिट मैदानावर मात्र हमखास सरकतं. चेंडू डेड होऊन, म्हणजे खेळ थांबून, घड्याळ थांबल्याशिवाय बदल होत नाही, आणि साधी बास्केट झाल्यावर तो मिळत नाही. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या २ मिनिटांत मात्र ज्यांच्यावर बास्केट झाली त्या संघाला मिळतो. म्हणून बदली खेळाडूला अर्धं-पाऊण मिनिट आधीच स्कोअर टेबलापाशी पाठवा. तिथे त्याने स्वतः सांगायचं असतं, प्रशिक्षकाने हात हलवून चालत नाही.

फाउलचा हिशेब वेगळा ठेवा. पाचव्याला खेळाडू बाहेर जातो. सोपा ठोकताळा असा : पहिल्या क्वार्टरमध्ये दुसरा, दुसऱ्यात तिसरा किंवा तिसऱ्यात चौथा फाउल झाला, तर त्या क्वार्टरपुरतं बसवा. पण पुढचा क्वार्टर सुरू झाला की त्याला परत आणा. बाद होईल या भीतीने चांगल्या खेळाडूला वीस मिनिटं बसवून ठेवणं म्हणजे आपण स्वतःच त्याला बाद करणं होय.

दमट हवेचा विचार गोव्यात सोडून चालणार नाही. नावेलीचं इनडोअर स्टेडियम असो की म्हापशाचं पेडे क्रीडा संकुल, हवा खेळती नसेल तर सलग खेळ ४-५ मिनिटांपलीकडे नेऊ नका. सरावाआधी आणि नंतर खेळाडूंचं वजन करा. ८० किलोच्या खेळाडूचं वजन १.६ किलो, म्हणजे २ टक्के उतरलं, तर त्याने पाणी कमी घेतलंय आणि त्याचा खेळ घसरणार आहे. असा खेळाडू वेग कमी करण्याआधी बचावात हात खाली सोडतो आणि परतताना चालू लागतो. तो इशारा दिसला की कागदावरची वेळ न पाहता बदला.

प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू मैदानावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांतला फरक, जपून वाचा. एखादा संच ५ मिनिटं एकत्र खेळला तर प्रत्येक बाजूला जेमतेम नऊ-दहा चढाया होतात. दोन थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून टाकलेल्या तीन गुणांच्या बास्केट, पडले की आकडा उलटतो. अनेक सामन्यांची मिनिटं जमल्याशिवाय त्यावरून कोणाची जागा काढून घेऊ नका.

सामन्यानंतर ठरवलेली आणि प्रत्यक्ष खेळलेली मिनिटं शेजारी मांडा. कोणाचा फरक ४ मिनिटांहून जास्त असेल तर कारण तिथेच लिहा, फाउल, थकवा की घाबरून केलेला बदल, आणि ज्याची मिनिटं कापली त्याला दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधी ते कारण समोरासमोर सांगा.