सीएनसी लेथवर कोबॉट बसवताना

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या छोट्या शॉपमध्ये कोबॉटला, म्हणजे माणसाशेजारी कुंपणाशिवाय चालणाऱ्या रोबोला, पहिलं काम द्यायचं ते सीएनसी लेथच्या (संगणकाने चालणाऱ्या लेथच्या) लोडिंग-अनलोडिंगचं, म्हणजे जॉब लावायचं आणि काढायचं. सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) मिनिटाच्या पुढे असावा, जॉब गोल असावा आणि एकच जॉब निदान एक शिफ्ट चालावा. वीस सेकंदांच्या जॉबला कोबॉट पुरत नाही. मग वेग वाढवला जातो, आणि वेग वाढला की कुंपण आलंच. कुंपणच घालायचं असेल तर साधा औद्योगिक रोबो बरा, तो त्याहून कितीतरी वेगाने चालतो.

वजनाचा हिशेब

सर्वांत जास्त चूक इथे होते. जॉब दीड किलोचा, म्हणून पाच किलोचा कोबॉट घेतला जातो. पण तयार जॉब काढून लगेच कच्चा लावायचा तर ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) दुहेरी लागतो. ब्रॅकेटसह ग्रिपर २.२ किलो, कच्चा जॉब १.६, तयार जॉब १.२, झाले ५ किलो. काही शिल्लक राहिलं नाही. शिवाय वजन फ्लँजपासून (कोबॉटच्या मनगटाच्या टोकापासून) लांब गेलं की क्षमता आणखी घटते. किती, ते मॅन्युअलमधल्या आलेखात बघावं. अशा कामाला १० किलोच्या वर्गातलाच घ्या. पेंडंटवर (कोबॉटच्या हातातल्या कंट्रोल पॅनेलवर) वजन आणि गुरुत्वमध्य चुकीचा भरला तर कोबॉट कुणाला न लागताच ‘धडक’ म्हणून थांबत राहतो. मग वैतागून कुणीतरी सुरक्षेची मर्यादा सैल करतं. असं होऊ देऊ नका.

स्टँड आणि ट्रॉली

आज या लेथवर, उद्या त्या लेथवर न्यायचा तर ट्रॉली लागणारच, पण चाकांवर उभा ठेवून चालवायचा नाही. प्रत्येक मशीनपुढे जमिनीत प्लेट अँकर करावी, दोन डॉवेल पिनांवर (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांवर) ट्रॉली बसवावी आणि क्लॅम्प करावी. तरी थोडा फरक पडतोच, म्हणून सगळे पॉइंट मशीनवरच्या तीन ठरावीक खुणांवरून काढलेल्या फ्रेममध्ये (त्या खुणांपासून मोजून) शिकवा. जागा बदलली की फक्त त्या तीन खुणा पुन्हा दाखवायच्या.

मशीनशी बोलणं

दार उघडं, स्पिंडल बंद, चक (जॉब धरणारा भाग) उघडा-बंद, सायकल पूर्ण: हे सिग्नल खरे सेन्सरचे हवेत. नुसता एम-कोड (मशीनच्या प्रोग्रॅममधला हुकूम) सुटला म्हणजे चक उघडला, असं धरू नये. मशीन एनपीएन आणि कोबॉट पीएनपी (सिग्नल जोडण्याचे दोन उलट प्रकार) असेल तर मध्ये रिले टाका. इमर्जन्सी स्टॉप दोन्ही बाजूंनी, दोन चॅनेलने जोडा.

लाइट गेली की कोबॉट ब्रेक लावून जागीच थांबतो, कधी कधी नेमका चकच्या तोंडाशी. तिथून हळू, सरळ रेषेत बाहेर काढणारा वेगळा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. कॉम्प्रेसर बंद पडून ग्रिपरची हवा गेली तरी जॉब सुटू नये म्हणून स्प्रिंगने बंद राहणारा ग्रिपर, किंवा हवा परत जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

चिप्स

माणूस चकच्या जॉवरची (जबड्यावरची) चिप, म्हणजे धातूचा कीस, न सांगता पुसतो, कोबॉट पुसत नाही. एक चिप अडकली की जॉब तिरका बसतो आणि रनआउट येतो, म्हणजे तो डगमगत फिरतो. म्हणून प्रत्येक लोडिंगआधी जॉवर दोन-तीन सेकंद एअर ब्लो द्या, आणि चक बंद होताना स्प्रिंगच्या पॅडने जॉब स्टॉपरवर दाबून धरा.

माणूस शेजारी असताना

कोबॉट आपोआप सुरक्षित नसतो. ग्रिपर, जॉब आणि वेग मिळून जे होतं ते तपासायचं असतं. धारदार बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) असलेला जॉब हळू फिरला तरी कापतोच. २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या कोबॉट-सुरक्षेच्या दस्तऐवजामध्ये बोटं दाबली जाण्यासाठी १४० न्यूटन आणि चेहऱ्यासाठी ६५ न्यूटनची मर्यादा आहे. त्यामुळे कोबॉटचा मार्ग चेहऱ्याच्या उंचीवरून नेऊच नये, आणि बोटांचं बळ फोर्स गेजने मोजून लिहून ठेवावं. दार आणि ग्रिपर यांच्यामधली फट, जिथे हात चिमटतो, ती विसरली जाते.

माणूस जवळ नसताना वेग हवा असेल तर माणूस जवळ येताच कोबॉटला थांबवणारा लेझर स्कॅनर जमिनीलगत लावावा. माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला १६०० मिमी धरतात. थांबायला एकूण अर्धा सेकंद लागत असेल तर ८०० मिमी, शिवाय स्कॅनर ३०० मिमी उंचीवर असेल तर १२०० उणे त्या उंचीचे ०.४ पट, म्हणजे १०८० मिमी. मिळून कोबॉटपासून सुमारे १.९ मीटर अंतर, वर स्कॅनरचा टॉलरन्स. दाटीच्या शेडमध्ये एवढी जागा मिळाली नाही तर कायम मंद वेगानेच चालवा. थांबण्याचा वेळ पूर्ण वजनासह मोजायचा, रिकाम्या ग्रिपरवर नाही.

इन्सर्ट (कापणारं टोक) घासला की आवाज बदलतो, हे ऑपरेटरच्या कानाला आधी कळतं. तो मशीन सोडून दुसरीकडे गेला तर प्रोग्रॅममध्येच दर १० व्या जॉबला गेजिंगसाठी (माप तपासण्यासाठी) वेगळी ट्रे ठेवा, आणि ती भरेपर्यंत कुणी मोजलं नाही तर कोबॉट थांबेल अशी अट घाला.