क्राइम बीटवर जाण्याआधी

पत्रकारितेची पदविका घेऊन मी नागपुरातल्या एका दैनिकात लागलो, तेव्हा बहुतेक नवशिक्यांसारखी मलाही क्राइम बीट, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्यांचं काम, मिळाली. दुसऱ्याच महिन्यात एका मुलीवरच्या अत्याचाराची बातमी केली. नाव दिलं नाही. पण वस्ती, शिकवणीचा विषय, वडिलांचा धंदा आणि ‘रात्री साडेदहाला मित्रासोबत’ हे सगळं लिहिलं. एफआयआरमध्ये होतं, म्हणून लिहिलं.

सकाळी बर्डीवर तर्री-पोहे खाताना बाजूच्या दोघांच्या हातात तोच अंक होता. ‘‘पोरगी एवढ्या रात्री तिथं काय करून राहिली होती?’’ आरोपीबद्दल अवाक्षर नाही. तो प्रश्न त्यांच्या तोंडी मीच घातला होता. वस्तीने तिला ओळखलं, तिची शिकवणी सुटली. हे मला पुढे ठाणेदारांकडून कळलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगतो: ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम 23 मध्ये पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार सगळं येतं. मोठ्यांसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे, आधी ते जुन्या भारतीय दंड संहितेचं 228-अ होतं. पीडिता हयात नसली तरी तिचं नाव छापायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं.

228-अ आलं 1983 मध्ये, आणि त्यामागची घटना आपल्याच विदर्भातली. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असं कारण दिलं. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते वर्तमानपत्रांनी छापलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा बदलला. बातमीची ताकद एवढी असते. पण तो खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट मथळ्याची. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठाचा ‘त्वचेचा त्वचेशी स्पर्श’वाला निकाल आला, म्हणजे कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही असा, तेव्हा माझ्या आईलाही वाटलं की माणूस सुटला. खरं तर पॉक्सोच्या कलम 8 मधून, म्हणजे लैंगिक हल्ल्याच्या आरोपातून, सुटका झाली होती, विनयभंगाची एक वर्षाची शिक्षा कायम होती. पॉक्सोखाली किमान 3 वर्षं झाली असती. लोकांचा संताप रास्तच होता, त्यामुळे प्रकरण लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 18 नोव्हेंबरला तो निकाल रद्द झाला. पण संतापालाही खरी माहिती मिळायला हवी. निकालपत्र पूर्ण वाचा, वकिलांच्या फोनवर बातमी लावू नका.

‘अब्रू लुटली’, ‘नराधम’ हे शब्द डेस्कवरून, म्हणजे बातमी संपादित करणाऱ्यांकडून, आले तरी भांडा. ‘नराधम’ म्हटलं की वाचक अंधारातला कोणी अनोळखी राक्षस शोधतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. आपण मात्र अनोळखी माणसाची बातमी पहिल्या पानावर घेतो आणि काकाची आत सिंगल कॉलममध्ये. मग आईबाप मुलींची संध्याकाळची शिकवणी बंद करतात, घर तपासत नाहीत.

आणि निकालापर्यंत तो ‘आरोपी’च लिहा. निर्दोष सुटला, तर अटकेची बातमी जिथे लावली होती तिथेच तेही लावा. शिक्षा झाली तरीही तसंच. बहुतेक बातम्या अटकेच्या दिवशीच संपतात, म्हणून लोकांना वाटतं की कोणालाच काही होत नाही.

मी वहीत सुनावणीच्या तारखा लिहून ठेवतो. सध्या सात खटले आहेत. पुढची तारीख मंगळवारची, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात.