कोल्ड एअर इनटेक आणि साचलेलं पाणी
गाडीला कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा पुरवणारी, वेगळी बसवलेली नळी आणि फिल्टर) बसवलं असेल तर आधी वाकून बघा, फिल्टर जमिनीपासून किती उंच आहे. बरेचदा तो बंपरच्या मागे, चाकाच्या पुढे लटकत असतो. तो पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. फिल्टरवरचं जलरोधक कापडी कव्हर फक्त शिंतोडे अडवतं, बुडाल्यावर त्याचा उपयोग नाही. चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर मात्र जागेवर हवंच. पावसाळ्यापुरता मूळ एअरबॉक्स (गाडीसोबत आलेली एअर फिल्टरची पेटी) परत बसवणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर कृपा करून पुन्हा स्टार्टर मारू नका. टो करून न्या, स्पार्क प्लग काढून सिलिंडर तपासून घ्या.