पऱ्हाट्यांची गंजी आणि व्हेंचर कॅपिटल

पुण्यात एका व्हेंचर फंडाबरोबरच्या (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या फंडाबरोबरच्या) पहिल्या बैठकीत मी चोवीस स्लाइड दाखवल्या. चोपड्याजवळ ब्रिकेट प्लांट, कपाशीच्या पऱ्हाट्या दाबून केलेले जळणाचे ठोकळे म्हणजे पांढरा कोळसा, बॉयलरवाल्या गिऱ्हाइकांची यादी. मागणी दीड कोटीची. समोरच्या फंडाच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा प्लांट टाकायला किती लागतील?" म्हटलं, तेवढेच. "आणि दहावा?" मी गप्प. चहा आला, बैठक संपली.

परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. हिशोब नंतर डोक्यात शिरला. व्हेंचर फंडाकडचा पैसा त्यांचाही नसतो. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) नियमांखाली नोंदलेला फंड दुसऱ्यांकडून पैसे घेतो, ते साधारण आठ-दहा वर्षांत वाढवून परत करायचे असतात. दहा कंपन्यांत घातले तर बऱ्याचशा बुडणार हे धरूनच चालतात, म्हणून उरलेल्या एक-दोन कंपन्या कितीतरी पट व्हाव्या लागतात. वर्षाला अठरा टक्के सुटणारा प्लांट माझ्या मामांना सोन्यासारखा वाटेल, फंडाच्या तो कामाचा नाही. अमेरिकेत हे आधीच घडून गेलंय. एमआयटीच्या २०१६ मधल्या अभ्यासानुसार २००६ ते २०११ या काळात तिथल्या व्हेंचर फंडांनी क्लीन एनर्जीत सुमारे २५ अब्ज डॉलर ओतले आणि निम्म्याहून जास्त घालवले. नवी मटेरियल, नवी रसायनं असल्या कंपन्यांत सगळ्यात वाईट हाल झाले.

तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्याने आधी स्वतःच्या धंद्याचे दोन ढीग करावेत. यंत्रं, शेड, कच्च्या मालाचा साठा एकीकडे. एकदा करून शंभर ठिकाणी वापरता येईल असं काय आहे, ते दुसरीकडे. पहिल्या ढिगासाठी बँक. आमच्याकडे पऱ्हाट्या जानेवारी ते मार्चमध्ये निघतात आणि बॉयलर बारा महिने पेटतो. म्हणजे तीन महिन्यांत वर्षाचा माल भरून ठेवायचा, त्याला सीसी, म्हणजे बँकेचं खेळतं कर्ज, लागते. तो पैसा हिस्सा विकून उभा करणं म्हणजे बैल विकून वैरण घेणं. आमच्या दुसऱ्या ढिगात निघाली ती ट्रॅक्टरवर चालणारी, पऱ्हाट्या बारीक करणारी कुट्टी आणि कोणत्या शिवारात कधी जायचं हे ठरवणारी पद्धत. दीड कोटी मागताना ती विसाव्या स्लाइडवर एका ओळीत होती!

या पद्धतीची किंमत मला एका शेतकऱ्याने शिकवली. पहिल्या वर्षी ते शेतकरी बाबा म्हणाले, "काड्या फुकट लई जाय रे भाऊ, पन आठ दिनमा वावर मोकळं करी दे." मी फुकट माल धरूनच पाच वर्षांचा ताळेबंद मांडला. दुसऱ्या वर्षी त्यांनीच टनाचा भाव विचारला, कारण शेजारच्या गावात दुसरा प्लांट आला होता. बायोमासमध्ये फुकट कच्चा माल फक्त पहिल्या वर्षी असतो. एक्सेलमध्ये त्या रकान्यात शून्य लिहिलंत, तर कुठलाही जाणकार गुंतवणूकदार तिथेच बोट ठेवेल.

फंडाच्या आधी थोडा पैसा अनुदानातून येऊ शकतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान होतं, तेही इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) मान्यता लागायची आणि अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. आमची कंपनी सव्वादोन वर्षांची झाली होती. वाचलं नव्हतं, एवढंच. असल्या योजनांचे निकष बदलत असतात, तेव्हा कंपनी नोंदवायच्या आधीच ते वाचा.

मग टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद. समजा ८० लाख येतायत आणि त्याआधीची किंमत ३ कोटी २० लाख ठरली. नंतरची किंमत ४ कोटी, त्यांचा हिस्सा २० टक्के. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण खाली 'लिक्विडेशन प्रेफरन्स एकपट' असं असतं. उद्या कंपनी १ कोटीत विकली गेली, तर ते २० टक्के न घेता आधी आपले ८० लाख उचलू शकतात. तुम्हा सगळ्यांना मिळून उरतात २० लाख. हे वाईट नाही, एकपट रीतसरच आहे. पण सही करताना माहीत असावं.

आमचं खरं अडलं भलत्याच ठिकाणी. कॉलेजचा मित्र पहिले सहा महिने बरोबर होता, ३० टक्के शेअर त्याच्या नावावर. मग नोकरी लागली, गेला. शेअर तसेच राहिले. काम न करणाऱ्याकडे एवढा हिस्सा पाहून दोन फंड मागे फिरले. शेवटी त्याने समजूतदारपणे बरेचसे परत केले, पण त्यात एक हंगाम गेला. पहिल्याच करारात चार वर्षांचं व्हेस्टिंग घाला, म्हणजे काम करत राहील तसे शेअर हळूहळू त्याचे होतील; पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काही नाही. मित्र रुसला तर रुसू दे.

आणि जागा बघायला फंडाची माणसं येणार असतील, तर त्यांना हंगामात बोलवा. आमच्याकडे ती मंडळी जुलैत आली. गुडघाभर चिखल, ताडपत्री टाकलेली एकच गंजी. मी वरच्या थरात मॉइश्चर मीटर खुपसून दाखवलं, १२ टक्के. त्यांच्यातल्या पोरीने मीटर मागून घेतलं, वाकली आणि तळाशी खुपसलं. आकडा आला २८. एवढ्या ओलीचा ठोकळा हातात भुगा होतो. तिने आकडा वहीत लिहिला, मीटर पुसून परत दिलं आणि विचारलं, "ही गंजी जमिनीपासून वर का नाही रचली?"

पुढच्या जानेवारीत सिमेंटच्या ओट्यावर रचली. ती परत आली, तेव्हा मीटर तिच्याच पिशवीत होतं.