गडावर जायची बॅग: आधी पाणी, मग बाकीचं

नरनाळा असो की गाविलगड, विदर्भात दिवसभराच्या भटकंतीत पाठीवरचं खरं ओझं पाण्याचंच असते. थंडीत माणशी 2 लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात किंवा होळीनंतर 3 लिटर. नरनाळ्यावर शक्कर तलाव आहे, पण तेवढ्यासाठी बाटली कमी करू नका. उघड्या तलावाचं पाणी तसंच पिण्याजोगं नसते.

म्हणून बॅग घ्यायला जाताना लिटरच्या 3 भरलेल्या बाटल्या सोबत न्या. 20-22 लिटरची बॅग पुरते. बाटल्या आत टाका, पट्टे कसा आणि दुकानातच दहा मिनिटं फिरा. दुकानदार पाहते तर पाहू द्या. तळ कमरेखाली लोंबला तर बॅग तुमच्या पाठीला लांब आहे. पट्टा जिथं बॅगेला जोडला तिथं चौकोन आणि आत फुली अशी शिलाई पाहा. नुसती एकेरी असली तर तिथंच उसवते. शाळेच्या दप्तराचं हेच होते. छातीवरचा पट्टा हवाच, कमरेचा नसला तरी चालते.

तळाशी दुपट्टा, जास्तीचा शर्ट. त्यावर बाटल्या उभ्या, पाठीला चिकटून. त्या बाहेरच्या अंगाला सरकल्या की बॅग मागं ओढते, माणूस पुढं वाकतो आणि चार वाजेपर्यंत मान धरते. जाड स्टीलची बाटली टाळा, रिकामीच जड असते. बाजूच्या जाळीत बाटली ठेवली तर गळ्याला नाडा बांधून पट्ट्यात अडकवा. वाकलं की ती हमखास निसटते.

जेवणात पातळ भाजी नको. दशम्या, कोरडा ठेचा, गूळ-शेंगदाणे. खिशातला कांदा ऊन लागू देत नाही म्हणतात. तसं काही नाही, भाकरीसोबत मात्र कामी येते.

ओआरएसची पुडी साधारण 1 लिटरची असते, वर लिहिलेलं वाचा. अर्ध्या लिटरात अख्खी टाकू नका, दाट झालं की उलट त्रास होते. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सपाट 6 छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ.

टॉर्च, शिट्टी, जखमेची पट्टी वरच्या खिशात. पावसाळ्यात आतून जाड पॉलिथिनची पिशवी लावा, खताच्या गोणीतली मात्र नको.

बसल्या जागी चेन उघडी ठेवू नका, माकडं टपलेली असतात. आणि जमिनीवरून उचलताना बॅग झटकून घ्या, खाली विंचू असू शकते.