पैसे भरण्याआधी एक्स-रे
आखाती देशांच्या कामाच्या व्हिसासाठी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे निर्णायक ठरतो, कारण बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा जुना व्रणही त्यात दिसतो आणि तेवढ्यावरून उमेदवार अपात्र ठरू शकतो. म्हणून सोयाबीन विकून आलेले पैसे नोकरी लावून देणाऱ्या एजंटाच्या हाती देण्यापूर्वी जवळच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे आणि कावीळ ब, क व एचआयव्हीच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. व्हिसाच्या तपासणीची नोंदणी ‘वाफिद’ या संकेतस्थळावर होते. नोंदणीच्या पावतीवरील नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. रात्रभर रेल्वेत जागून थेट तपासणीच्या रांगेत उभे राहू नये आणि त्या सकाळी खर्रा तर मुळीच नको, कारण तंबाखूने रक्तदाब चढतो. रक्तदाबाची नेहमीची गोळी मात्र चुकवू नये.